'द क्वाएट मॅन'मधला टांगेवाला म्हातारा कोण हो?

सातरस्ता_कट्टा: काल उकाड्याने झोप येईना म्हणून हा १९५२ चा पिक्चर लावला, हिरो जॉन वेन आहे पण आपलं सगळं लक्ष त्या टांगेवाल्यावर. सोयरीक जुळवतो, दारूचं नाव निघालं की डोळे चमकतात, नुसता बसला तरी हसू येतं राव. मी ऑफिस सुटलं की हौशी नाटकात असतो अन् कायम म्हाताऱ्याचाच रोल, म्हणून विचारतोय.

शेंगाचटणी: बॅरी फिट्झगेराल्ड. जन्म डब्लिन, १८८८, खरं नाव विल्यम शील्ड्स. तुमच्यासारखाच की, दिवसा सरकारी नोकरी अन् संध्याकाळी डब्लिनच्याच अ‍ॅबी थिएटरात नाटक. आपला अशोक सराफ बँकेत होता तसंच समजा. १९२४ ला शॉन ओकेसीच्या नाटकात कॅप्टन बॉइल केला, म्हणजे असा बाप की कुणी कामाचं नाव काढलं की याचे पाय दुखायला लागतात, त्यात गाजला. तरी नोकरी सोडली १९२९ ला, वय ४१! हॉलिवूडला तर त्याच्याही नंतर गेला.

पडदा_उघडा: ऑस्करचा किस्सा राहिला की बे. १९४४ च्या 'गोइंग माय वे'मधल्या म्हाताऱ्या पाद्र्याच्या एकाच रोलसाठी याला बेस्ट अ‍ॅक्टर अन् सपोर्टिंग अशी दोन्ही नॉमिनेशनं. बेस्ट अ‍ॅक्टर त्याच पिक्चरचा हिरो बिंग क्रॉस्बी घेऊन गेला, याला सपोर्टिंग मिळालं, अन् मग असं परत होऊ नये म्हणून नियमच बदलला. युद्धामुळे तेव्हा बाहुली प्लास्टरची द्यायचे, याने घरात गोल्फची प्रॅक्टिस करताना तिचं मुंडकंच उडवलं 😂

शेंगाचटणी: अन् 'क्वाएट मॅन'मधला चष्मेवाला पाद्री बघितला का, तो याचा सख्खा धाकटा भाऊ आर्थर शील्ड्स. तोही अ‍ॅबीचाच नट, पण आयर्लंडमधल्या इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात बंदूक घेऊन उतरलेला, इंग्रजांनी कैदेत टाकलं होतं. दहा वर्षांनी ओकेसीने त्याच उठावावर नाटक लिहिलं तर प्रेक्षकांनी थिएटरात राडा घातला, दोघं भाऊ त्या नाटकात होते. थोरला १९६१ ला डब्लिनमध्येच गेला.

सातरस्ता_कट्टा: ४१ ला नोकरी सोडली?? मला ४३ चालू आहे. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणे आधी घराचे हप्ते फेडा, मग जावा कुठं जायचं ते. तोवर त्या कॅप्टनचे पाय दुखायचे तेवढे शिकून घेतो, दिवाळीची साफसफाई जवळच आलीय.