दारांत गादीचा स्पंज भरू नये

गाडीच्या दारांच्या पोकळीत गादीचा स्पंज भरला की गाडी आतून शांत होते, असा जो सल्ला दिला जातो, तो निदान गोव्यात तरी कोणी अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच आणि तळाच्या छिद्रांवाटे बाहेर पडते; वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि जोडीला खारी हवा असलेल्या आपल्या प्रदेशात स्पंजने ते पाणी धरून ठेवले, तर पत्रा आतून गंजू लागतो आणि गंज बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पत्र्याचे कंपन थांबवण्यासाठी ॲल्युमिनियमचा थर असलेली, सुमारे २ मिलिमीटर जाडीची ब्युटाइल (एक प्रकारचे चिकट रबर) शीट वापरावी. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते; सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी घणघण बरीच कमी होते. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हात तापलेल्या छपरावरून ती सुटू शकते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवणे, हेच खरे कष्टाचे काम आहे. प्लास्टिकच्या पॅनेलचा खडखडाट थांबवायला पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्यावा आणि तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत.

महामार्गावरचा टायरांचा आवाज मात्र मुख्यतः गाडीच्या तळाच्या पत्र्यातून आणि चाकांच्या कमानींतून येतो. तिथे काम करताना सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये.