मंजुरीचा ई-मेल एकाच नोंदीसाठी वारंवार जातो. मदत हवी आहे

खटपट्या: सवलत 20 टक्क्यांच्या वर गेली की व्यवस्थापकांना मंजुरीसाठी ई-मेल जावा, असा नियम मी केला आहे. परंतु त्या नोंदीत कोणी नुसता दूरध्वनी क्रमांक बदलला तरी तोच ई-मेल पुन्हा जातो आणि व्यवस्थापक आता ते उघडतही नाहीत. शिवाय तीन दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवण्याची सोय कुठेच दिसत नाही. हे उद्यापर्यंत मार्गी लावायचे आहे.

आडवाट: प्रणाली कोणती, हेच आपण लिहिलेले नाही.

खटपट्या: सेल्सफोर्स, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली. ते उघड आहे असे वाटले. नियम फ्लोमध्ये, म्हणजे कामे आपोआप करून घेण्याच्या तिच्या साधनात, केला आहे.

जुनाजाणता: आमच्याकडे हेच काम वर्कफ्लो रूल (फ्लोच्या आधीची जुनी सोय) विनातक्रार करतो. फ्लोच्या नादी लागूच नये.

आडवाट: नवे वर्कफ्लो रूल तयार करण्याची सोय 'विंटर 23' आवृत्तीपासून बंद आहे आणि जुन्यांचे अधिकृत साहाय्यही 31 डिसेंबर 2025 पर्यंतच होते.

जुनाजाणता: साहाय्य संपणे म्हणजे नियम थांबणे नव्हे.

शुद्धमती: ई-मेलमध्ये व्यवस्थापकांचे नाव आपोआप यावे, यासाठी मर्ज फील्ड वापरावे.

आडवाट: ते कोणीही विचारलेले नाही. खटपट्या, फ्लोच्या 'स्टार्ट' घटकात अटींखाली दोन पर्याय असतात: अट पूर्ण असताना प्रत्येक बदलाला चालणे, किंवा बदलामुळे अट नव्याने पूर्ण झाली तरच चालणे. आपण पहिला निवडलेला असणार, कारण दूरध्वनी क्रमांक बदलला तरी सवलत 20 च्या वरच राहते. दुसरा निवडल्यास शेड्यूल्ड पाथही (ठरावीक काळानंतर चालणारी वाट, जिच्यातून स्मरणपत्र पाठवता येते) जोडता येईल, म्हणजे दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. 'मंजुरी प्रलंबित' हीसुद्धा अट घालावी, म्हणजे मंजुरी मिळताच ठरलेले स्मरणपत्र रद्द होईल.

जुनाजाणता: आणि सवलत 22 वरून 35 झाली, तर? अट आधीपासूनच पूर्ण असल्यामुळे व्यवस्थापकांना काहीच कळणार नाही.

आडवाट: आक्षेप रास्त आहे. त्यासाठी, सवलतीचा रकाना बदलला का एवढेच पाहणारा आणि प्रत्येक बदलाला चालणारा वेगळा फ्लो लागेल.

खटपट्या: पर्याय बदलला, आता दूरध्वनी क्रमांक बदलल्यावर ई-मेल जात नाही. मात्र तीन दिवसांचे स्मरणपत्र उद्यापर्यंत कसे तपासू?

आडवाट: सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत) तीन दिवसांऐवजी पाच मिनिटे ठेवून पाहावे आणि मूळ प्रणालीत नेण्यापूर्वी ते आठवणीने बदलावे.