लिपीमुळे भाषा तगते का? आर्मेनियन आणि माओरी यांच्या निमित्ताने

चर्चाप्रस्ताव

आर्मेनियन आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची माओरी यांची तुलना बहुधा ध्वनींवरच थांबते. माओरीत अवघी दहा व्यंजने असून तिचे प्रत्येक अक्षर स्वरान्त असते, तर आर्मेनियात बोलल्या जाणाऱ्या पूर्व आर्मेनियनमध्ये तीस व्यंजने आहेत आणि ती एकमेकांना खेटून येतात. मला मात्र वेगळा मुद्दा मांडायचा आहे. मेसरोप माश्तोत्स या धर्मोपदेशकाने इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियनसाठी ३६ अक्षरांची लिपी सिद्ध केली. १३७५ मध्ये आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या किलिकियातले शेवटचे राज्य गेल्यावर १९१८ पर्यंत आर्मेनियन लोकांना स्वतःचे स्वतंत्र राज्य नव्हते, तरीही भाषा तगली. कारण मठांमधून हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या, १५१२ साली व्हेनिसमध्ये पहिले आर्मेनियन पुस्तक छापले गेले आणि १७९४ साली तर आपल्या मद्रासेत ‘अझदारार’ हे पहिले आर्मेनियन नियतकालिक निघाले. माओरीला लेखन मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांकडून आणि रोमन अक्षरांत. पुढच्या दीडशे वर्षांत ती मरणपंथाला लागली. स्वतःची लिपी आणि जुने ग्रंथ हाच या दोन भाषांच्या नशिबातला फरक आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

हे मत मला मान्य नाही, कारण माओरी लोकांना लेखनाचे वावडे कधीच नव्हते. १८२० मध्ये होंगी हिका आणि वाइकाटो हे दोन प्रमुख केंब्रिजला जाऊन भाषेचे व्याकरण नि शब्दसंग्रह तयार करण्याच्या कामाला बसले होते. १८३७ मध्ये बायबलचा नवा करार माओरीत छापून झाला, ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या १८४० च्या वाइटांगी करारावर बहुसंख्य प्रमुखांनी सह्या केल्या त्या माओरी मसुद्यावर, आणि १८४२ पासून माओरीत वृत्तपत्रही निघू लागले. म्हणजे कागदावर भाषा चांगली रुजली होती. तिचा घात पुढे झाला. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांचे माध्यम इंग्रजी केले, शाळेत माओरी बोलणाऱ्या मुलांना छड्या बसू लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबे खेड्यांतून शहरांत आली तेव्हा ज्या आईबापांनी तो मार खाल्ला होता त्यांनीच मुलांशी माओरी बोलणे सोडले.

शिवाय आर्मेनियन म्हणजे एक भाषा धरून चालता येत नाही. आर्मेनियाची राजधानी येरेवान इथली पूर्व आर्मेनियन आणि इस्तंबूल-बैरूतची पश्चिम आर्मेनियन यांची अक्षरे तीच आहेत, पण पूर्वेकडे जो पेत्रोस तो पश्चिमेकडे बेद्रोस होतो. पूर्व आर्मेनियन सोव्हिएत काळातही शाळांची आणि विद्यापीठाची भाषा राहिली आणि आज ती राज्यभाषा आहे. पश्चिम आर्मेनियन मात्र युनेस्कोने २०१० साली धोक्यातील भाषांत नोंदवली. एकच लिपी दोघींपाशी असताना एक सुखरूप राहते आणि दुसरी खंगते, तर या फरकाचे कारण लिपी कसे असेल?

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

पश्चिम आर्मेनियनचा मुद्दा वजनदार आहे, पण तो पुरता सांगायला हवा. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या वंशसंहारातून वाचून सीरिया-लेबनॉनमध्ये पोहोचलेल्यांपैकी अनेकांची, विशेषतः किलिकियातल्यांची, घरची भाषा तुर्की होती. त्यांच्या मुलांना अनाथाश्रमांत आणि अलेप्पो-बैरूतच्या शाळांत आर्मेनियन शिकवली गेली ती अक्षरे आणि पुस्तके हाताशी होती म्हणूनच. घरात जी भाषा नव्हती ती लिपीच्या आधाराने एका पिढीत परत आली, हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

प्रतिसाद २

त्याच तुर्की बोलणाऱ्या आर्मेनियनांचे उदाहरण उलटही वाचता येते. एकोणिसाव्या शतकात ते आर्मेनियन लिपीत तुर्की लिहीत आणि छापत होते. लिपीवर जीव जडलेला होता, पण तिने जपली ती ओळख. भाषा तिच्या डोळ्यांदेखत बदलली.

परत आलेल्या भाषेचे खरे उदाहरण पाहायचे असेल तर माओरीचे पाहावे. १९७२ मध्ये शाळांत माओरी शिकवावी अशी मागणी करणारा तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. १९८२ मध्ये पहिले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले, जिथे आजीआजोबांच्या पिढीने लहानग्यांशी दिवसभर फक्त माओरी बोलायचे. १९८७ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. कायदा घरट्यांच्या मागून आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद ३

आपण मराठीभाषकांनी यात आणखी एक गोष्ट पाहावी. आर्मेनियन आपल्या भाषेची दूरची नातलग आहे: तिचा ‘दुस्त्र’ म्हणजे संस्कृत दुहितृ, आणि इराणी भाषांतून आलेला तिचा ‘हजार’ तर आपल्याला ओळखीचाच. पण ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतला भेद आर्मेनियनच्या एकुलत्या ‘मेन्क’मध्ये मावत नाही, तो माओरीत आहे, आणि आपल्याहून बारीक आहे. तू आणि मी तर ‘ताउआ’, तुला वगळून आम्ही दोघे तर ‘माउआ’, सगळे मिळून ‘तातोउ’, तुम्हांला वगळून आम्ही अनेक तर ‘मातोउ’. व्याकरणाच्या पुस्तकात हे चार शब्द एका ओळीत बसतात. पण अंगणात कोणाला घेऊन निघायचे नि कोणाला मागे ठेवायचे हे त्यांतून चटकन बोलता येते ते लहानपणापासून कानावर पडलेल्यालाच.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

कानावर पडणे आवश्यक आहे, हे मी आता मान्य करतो, आणि स्वतःच्या लिपीविषयीचा माझा आग्रहही सोडतो. लेखनाविषयीचा आग्रह मात्र सोडत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आठशेच्या वर गेलेली कोहांगा रेओंची संख्या पुढे घटली, कारण जन्मापासून माओरी बोललेली पिढी मावळत गेली आणि ही भाषा मोठेपणी शिकलेल्यांवर शिकवण्याची जबाबदारी आली. त्या शिक्षकांनी जुने वळण शोधायचे कुठे? एकोणिसाव्या शतकातल्या माओरी वृत्तपत्रांतच ना?

प्रतिसाद १

शोधावे, आणि ते शोधत आहेतही. माझी हरकत पुस्तकांना नाही, पुस्तके आहेत म्हणून निर्धास्त राहण्याला आहे. पॅरिस किंवा लॉस एंजेलिसमध्ये वाढणाऱ्या पश्चिम आर्मेनियन मुलाला सुट्टीच्या वर्गात माश्तोत्सांची अक्षरे गिरवायला मिळतात, आणि घरी परतल्यावर ते फ्रेंच किंवा इंग्रजी बोलू लागते. त्या मुलासाठी माओरींनी काढली तशी घरटी निघायला हवीत, आणि पश्चिम आर्मेनियन सहज बोलणारे आजीआजोबा हयात आहेत तोवरच ते शक्य आहे.