मशीनजवळ सुचतं, मीटिंगमध्ये मांडता येत नाही – मदत हवी आहे

नमस्कार.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रोसेस इंजिनीअर आहे. लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नोकरीला ९ वर्षं झाली. काम येतं, हे खात्रीने सांगते. अडतं ते बोलण्यापाशी. आणि कुणी समोर बसून ‘आयडिया द्या’ म्हटलं की काहीच सुचत नाही. मागच्या महिन्यात जे झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे चुकतंय ते तुम्हाला दाखवता येईल.

एका ब्रॅकेटच्या जॉबला (मशीनवर लावतो त्या भागाला) बाजूच्या भोकाची जागा चुकत होती. बहुतेक रिजेक्शन थर्ड शिफ्टचं, म्हणजे रात्रपाळीचं. सोमवारच्या मीटिंगमध्ये दर वेळी एकच निघायचं: ऑपरेटर लक्ष देत नाही, ट्रेनिंग द्या. मला ते पटत नव्हतं, कारण त्या शिफ्टचे काका माझ्या नोकरीच्या दुप्पट वर्षं मशीनवर आहेत. म्हणून एका रात्री थांबले. (सासूबाईंनी मुलाला सांभाळलं म्हणून थांबता आलं.)

दीड तास नुसती उभी राहून बघत होते. जॉब काढला की काका एअर गनने फिक्स्चर (जॉब पक्का धरून ठेवणारी चौकट) साफ करायचे आणि दुसरा लावायचे. गनचा पाइप उजवीकडून येतो. जॉब ज्या पॅडवर टेकतो त्यातल्या डावीकडच्या मागच्या पॅडपर्यंत तो जेमतेम पुरतो आणि हवा तिरकी लागते. त्या पॅडच्या कोपऱ्यात कूलंटने चिकटलेली एक बारीक चिप, म्हणजे धातूचा कीस, होती. डोळ्यांना दिसली नाही, बोटाने चाचपल्यावर लागली. शिवाय रात्री दोनपैकी एक कॉम्प्रेसर बंद ठेवतात, त्यामुळे हवेचा जोर कमी. दिवसा जे उडून जातं ते रात्री तसंच राहतं.

तिथे उभी असतानाच सुचलं, की वरून हवा मारण्यापेक्षा पॅडलाच भोक पाडून खालून हवा दिली तर? आणि पॅड अरुंद केला तर चिपला बसायला जागाच उरणार नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये मी म्हणाले, “सर, हवेचा प्रॉब्लेम आहे.” मेंटेनन्सचे साहेब लगेच म्हणाले, “हवेला काय झालंय? गेजवर ६ बार आहे.” गेज मेन लाइनवर आहे, गनच्या तोंडाशी काय मिळतं ते वेगळं, हे मला सांगायचं होतं. पण मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकदम तोंडाशी आलं आणि मी “हो सर, बघते” म्हणून गप्प बसले.

पंधरा दिवसांनी टूलरूमच्या सहकाऱ्याने तीच पॅडची कल्पना मांडली. जेवताना मीच त्याला सांगितली होती. त्याने कागदावर स्केच काढून आणलं होतं. पाच मिनिटांत मंजूर झालं. त्याच्यावर राग नाही, त्याने माझं नावही घेतलं. पण मधल्या पंधरा दिवसांत जे जॉब भंगारात गेले आणि काकांना जी बोलणी बसली, ते मी बोलले असते तर टळलं असतं. हे मनातून जात नाही.

तर विचार पूर्ण झालेला नसताना तो कसा मांडायचा, की पहिल्याच प्रश्नाला आडवा होऊ नये? दुसरं, आमच्याकडे महिन्यातून एकदा ब्रेनस्टॉर्मिंग असतं. आठ-दहा जण बसतो, दोघं बोलतात, बाकीचे त्याच वाटेने जातात. मला तिथे एकही गोष्ट सुचत नाही आणि घरी जाताना बसमध्ये तीन सुचतात. हे सवयीने बदलतं का? आणि कस्टमरचा कॉल इंग्रजीत असतो, त्यासाठी क्लास लावावा का? ‘आत्मविश्वासाने बोला’ सांगणारे व्हिडिओ पुष्कळ पाहिले. आत्मविश्वास आहे हो, वाक्यांचा क्रम लागत नाही.

प्रतिसाद १

ताई, भोसरीत टूलरूम आणि नंतर क्वालिटी मिळून ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. दीड तास मशीनपाशी उभ्या राहिलात, अर्धं काम तिथेच झालं. टोयोटाच्या ताइची ओनोंबद्दल सांगतात, की ते खडूने जमिनीवर गोल काढून इंजिनीअरला त्यात उभं करायचे आणि काय दिसलं ते विचारायचे. तुम्ही कुणी न सांगता उभ्या राहिलात.

चूक कुठे झाली ते तुमच्याच लिहिण्यात आहे. “हवेचा प्रॉब्लेम आहे” हे तुमचं पहिलं वाक्य. हवा हे मेंटेनन्सचं खातं, म्हणजे तुमचं वाक्य पॅडवर न पडता त्या साहेबांवर पडलं. ते बचावाला उठणारच. तुम्ही कारणापासून सुरुवात केलीत. सुरुवात नेहमी जे दिसलं त्यापासून करा: “डावीकडच्या मागच्या पॅडवर ही चिप सापडली.” यावर कुणी वाद घालू शकत नाही. मग हिशेब. चिपमुळे जॉब तिरका बसतो. चिप ०.२ मिमी धरा, दोन पॅडमधलं अंतर १२० मिमी, भोक पॅडपासून ६० मिमी उंचीवर, तर भोक ०.१ मिमी सरकलं. तुमचे आकडे तुम्ही घाला. हा हिशेब पाटीवर मांडलात की खोलीतले सगळे तुमच्या बाजूला येऊन बघतात. शेवटी मागणी, तीही छोटी: “एका फिक्स्चरवर एक आठवडा करून बघू द्या.” दिसलं काय, त्याने होतं काय, मला हवं काय. इतका क्रम पुरतो, आणि विचार अर्धा असला तरी चालतो, कारण आठवडाभराची परवानगीच तर मागताय.

आणि वस्तू घेऊन जा. चिप सेलोटेपने पांढऱ्या कागदावर चिकटवा, रिजेक्ट जॉब टेबलावर ठेवा. तुमच्या सहकाऱ्याचं स्केच चाललं ते याचसाठी.

जाता जाता, त्या पॅडच्या भोकातून हवा द्यायचीच आहे तर प्रेशर स्विचही बसवा. जॉब नीट टेकला नाही तर हवा गळते, स्विच लागत नाही आणि मशीन सायकल सुरूच करत नाही. मग दिवस-रात्र हा फरकच उरत नाही.

प्रतिसाद २

बसमध्ये सुचतं यात तुमचा दोष अजिबात नाही. ब्रेनस्टॉर्मिंग ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याची. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची परीक्षा घेतली: एकत्र बसलेले चौघे आणि वेगवेगळे बसून विचार करणारे चौघे. वेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्याच जास्त भरल्या. एक बोलत असला की बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता आपलं विसरतात, हे त्याचं एक मोठं कारण.

यावर जर्मनीत बर्न्ड रोहरबाख यांनी १९६८ मध्ये ६-३-५ काढली. सहा जण, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, त्याने त्या वाचून पुढच्या तीन लिहायच्या. अर्ध्या तासात १०८. आमच्या ऑफिसात पहिल्या दोन फेऱ्या करतो, सगळ्या कधीच करत नाही, तरी फरक पडतो. गप्प बसणाऱ्या माणसांचे कागद भरलेले निघतात. तुमच्या सरांकडे फक्त पहिली दहा मिनिटं लिहिण्यासाठी मागून बघा. मराठीत लिहा, आकृती काढा.

प्रतिसाद ३

मी टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे बोलण्याचा सराव करायच्या क्लबमध्ये, तीन वर्षं जातेय. नुसत्या क्लासपेक्षा ते बरं, कारण तिथे व्याकरण शिकवत नाहीत, उभं करतात. ‘टेबल टॉपिक्स’मध्ये ऐनवेळी प्रश्न येतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. एक जण आपले ‘अं...’ मोजत बसतो. पहिल्या वेळी माझे १४ निघाले होते. पुण्यात बरेच क्लब आहेत, पाहुणे म्हणून जाऊन या आणि मग ठरवा.

एक मात्र पटलं नाही. ‘राग नाही’ ठीक, पण मीटिंगच्या आदल्या दिवशी सरांना चार ओळींची मेल आणि एक फोटो पाठवत जा. तोंड अडलं तरी गोष्ट पोचलेली राहते आणि कुणाची होती तेही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भोसरीचे काका, ‘वाक्य पॅडवर न पडता साहेबांवर पडलं’ हे वाचून उठून पाणी प्यायले. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

या सोमवारी दुसऱ्या एका मशीनचा विषय होता, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तुटण्याचा. रविवारी फोटो आणि चार ओळी पाठवल्या. मीटिंगला तुटलेले तीन टॅप रुमालात बांधून नेले आणि ओळीने मांडले. तिन्ही एकाच उंचीवर तुटले होते. मी इतकंच म्हणाले, “सर, हे तिन्ही बघा.” मेंटेनन्सचे साहेब स्वतः खुर्ची सरकवून पुढे आले आणि त्यांनीच विचारलं, “आधीच्या ड्रिलची खोली मोजलीस का?” मोजली नव्हती. दोघांनी दुपारी जाऊन मोजली, ड्रिल २ मिमी कमी जात होता, म्हणजे टॅप भोकाच्या तळाला आपटत होता. थर्ड शिफ्टच्या काकांना पॅडची सगळी गोष्टही जाऊन सांगितली. ते काही बोलले नाहीत, डब्यातला लाडू काढून हातावर ठेवला.

लिहिण्याची दहा मिनिटं सरांकडे मागितली आहेत, पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

कस्टमरच्या कॉलचं मात्र अजून सुटलेलं नाही. तिथे टेबलावर वस्तू ठेवता येत नाही आणि प्रश्न भराभर येतात. उत्तर माहीत असतं, पण वाक्य जुळवायला दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून जातं. ती दहा सेकंद कशी मागून घ्यायची? तुमच्यापैकी जे असे कॉल रोज करतात ते नेमकं कोणतं वाक्य वापरतात, ते शब्दशः लिहाल का?