ओकॅमलमध्ये आर्ग्युमेंटचा क्रम : भाषेने ठरवून द्यावा की नको?

देवगडकर : आमच्या आतेभावाने आंब्याच्या पेट्यांच्या नोंदीसाठी छोटा प्रोग्राम लिहिलाय ओकॅमल ह्या प्रोग्रामिंग भाषेमध्ये. फाइलीत एका ओळीवर बागायतदाराचं नाव, खालच्या ओळीवर गाव. त्याने सरळ लिहिलं, नोंद (ओळ_वाच ()) (ओळ_वाच ()), आणि नावाच्या जागी सगळीकडे जामसंडे नि पडेल ही गावं यायला लागली, कारण दुसरं आर्ग्युमेंट (फंक्शनला कंसात पुरवलेली माहिती) आधी चालतं. दोन्ही स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, त्यामुळे माहितीचा प्रकार जुळतो का बघणारा तो एवढा कौतुकाचा टाइपचेकर पण गप्प. मॅन्युअल म्हणतं क्रम ठरलेला नाही. अरे पण का? स्टँडर्ड एमएल ह्या नात्यातल्या भाषेने डावीकडून ठरवून दिलंय, जावाने दिलंय, ह्यांचंच काय अडलंय?

खाडीपल्याड : माका काय ह्या पटला नाय. फाइल वाचणं हा साइड इफेक्ट, म्हणजे उत्तर देण्यापलीकडे बाहेर काहीतरी बदलणारं काम, तसले दोन एकाच कॉलमध्ये कोंबायचे आणि वर खापर भाषेवर. दोन लेट लिही, म्हणजे उत्तर धरून ठेवणाऱ्या दोन ओळी, आधी नाव मग गाव, विषय संपला. यादीच्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या ओकॅमलच्या लिस्ट मॅपचा सोर्स उघडून बघ, त्यांनीपण पहिल्या घटकाचं उत्तर लेटमध्ये धरून मगच पुढची यादी घेतलीय.

देवगडकर : म्हणजे भाषा बनवणाऱ्यांनाच मॅपसारख्या साध्या फंक्शनात जपून पाय टाकावा लागतो, हे तू माझ्याच बाजूने बोललास रे!

जेटीवरचा : उजवीकडून यायला कारण आहे, उगाच नाही. ओकॅमल बनवणाऱ्यांपैकी झाविए लरॉयने १९९० मध्ये झिंक मशीन (प्रोग्राम कसा चालवायचा त्याचा कागदावरचा आराखडा) मांडली, त्यात आर्ग्युमेंट उजवीकडून स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थप्पीवर, चढवतात, म्हणजे पहिलं सगळ्यात वर राहतं, तरीत शेवटी चढलेला आधी उतरतो ना तसं, आणि करी केलेलं फंक्शन, म्हणजे एका वेळी एकच आर्ग्युमेंट घेणारं, ते एकेक उचलत जातं, दर आर्ग्युमेंटमागे नवं क्लोजर (अर्धवट भरलेलं फंक्शन) बनवायची गरज नाही. मस्त युक्ती आहे. पण थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा नेटिव्ह कंपायलर बहुतेक आर्ग्युमेंट प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमधून देतो, तिथे ह्या कारणात फारसा दम उरत नाही.

खाडीपल्याड : कंपायलरला मोकळीक नको?

देवगडकर : साइड इफेक्ट नसेल तर क्रम ठरलेला असूनही कंपायलर हवं ते पुढेमागे करू शकतो, कुणाला कळतंय?

खाडीपल्याड : नसेल तर! दुसऱ्या मॉड्यूलमधून आलेल्या फंक्शनाच्या पोटात काय आहे हे ओकॅमलचा टाइप सांगतच नाही, मग कंपायलरने ओळखायचं कसं?

आळशी हास्केलवाला : चालू द्या. आमच्या हास्केल भाषेत आर्ग्युमेंटची किंमत लागेल तेव्हाच काढतात आणि फाइल वाचायची तर डू नावाच्या रचनेमध्ये ओळीने लिहावंच लागतं.

खाडीपल्याड : आणि न काढलेल्या किमती साठून मेमरी कुठे फुगली ते शोधत बसा.

जेटीवरचा : स्कीम भाषेचं स्टँडर्डपण क्रम ठरवत नाही, पण तिच्यातूनच निघालेल्या रॅकेटने डावीकडून पक्का करून टाकला, काही बिघडलं नाही. ओकॅमलला आता डावीकडे वळणं कठीण, उजवीकडून चालतं हे धरून चाललेला कोड कुठे कुठे पडलाय कोण जाणे. मग निदान उजवीकडून असं लिहून तरी द्या, कागदावर एक आणि व्यवहारात दुसरं हे कशाला?

देवगडकर : चालेल. आतेभावाला तोवर लेट लावायला सांगितलंय.