'हे जग खरं आहे का?' विचारणारे सायफाय सिनेमे सुचवा (मॅट्रिक्स, इन्सेप्शन सोडून)

अर्धजागा
मंडळी, सिनेमे सुचवा. मॅट्रिक्स, इन्सेप्शन, ट्रुमन शो हे सगळे बघून झालेत आणि आवडलेतही, पण मॅट्रिक्सबद्दल एक गोष्ट मला कायम खटकते. खोट्या जगातून जागं करणारी लाल गोळी घेतली, नायक निओ त्या नळ्यांच्या जंजाळातून उठला की तिथून पुढे खरं काय आणि खोटं काय याबद्दल कुणालाच शंका उरत नाही, म्हणजे एवढा जबरदस्त प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात विचारायचा आणि लगेच उत्तर देऊन मोकळं व्हायचं, मग उरलेला सगळा वेळ मारामारी. मारामारी भारीच आहे पण मला तो प्रश्न हवाय. असे सिनेमे सांगा ज्यात शेवटपर्यंत पायाखालची जमीन हलत राहते. जुने चालतील, कुठल्याही भाषेतले चालतील, सबटायटल्स असली की झालं. 'शेवटी सगळं स्वप्न होतं' छापाचे मात्र नकोत, आणि स्पॉयलर द्यायचाच असेल तर आधी तसं लिहा.

रीळवेडी
तुमच्यासाठी एकच नाव, वर्ल्ड ऑन अ वायर. १९७३ चा जर्मन, दिग्दर्शक फासबिंडरने टीव्हीसाठी दोन भागांत केलेला, दोन्ही मिळून साडेतीन तासांच्या आसपास आहे पण एका बैठकीत बघायची गरज नाही. एका संस्थेत कॉम्प्युटरच्या आत एक अख्खं शहर चालवतायत, त्यातल्या माणसांना आपण प्रोग्राम आहोत याचा पत्ताच नाही. प्रकल्पाचा प्रमुख विचित्र परिस्थितीत मरतो, त्याच्या जागी स्टिलर नावाचा माणूस येतो, आणि मग एका पार्टीत त्याच्याशी बोलत असलेला सुरक्षा अधिकारी बोलता बोलता गायब होतो. गायब म्हणजे असा की दुसऱ्या दिवशी असा कुणी माणूस इथे होता हेच कुणाला आठवत नाही. हे सगळं अगदी सुरुवातीलाच आहे त्यामुळे स्पॉयलर धरू नका.

आणि हे सगळं इफेक्ट्सशिवाय! जिकडे तिकडे आरसे आणि काचा, त्यामुळे फ्रेममधला माणूस खरा की त्याचं प्रतिबिंब हे दर दोन मिनिटांनी आपणच तपासायला लागतो. मागे उभे असलेले लोक नुसते थिजल्यासारखे बघत राहतात, कुणी काही स्पष्टीकरण देत नाही आणि तेच अंगावर येतं. भविष्यकाळ दाखवायला त्यांनी पॅरिसमधल्या तेव्हाच्या नव्याकोऱ्या इमारती वापरल्या आणि अजूनही ते जग जुनं वाटत नाही.

याची मूळ कादंबरी डॅनियल गालुय यांची, १९६४ ची. त्याच कादंबरीवरून १९९९ मध्ये द थर्टीन्थ फ्लोअर पण आला. तोही बघा, पण आधी जर्मन.

त्रिमिती
रीळवेडींना जोरदार अनुमोदन. माझ्याकडून टोटल रिकॉल, पण १९९० चाच, नंतरचा रिमेक नको. लोक याला श्वार्झनेगरचा धांगडधिंगा म्हणून सोडून देतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण अर्धजागा, तुम्ही म्हणताय ती हलती जमीन या सिनेमाइतकी प्रामाणिकपणे फार थोड्या जणांनी जपलीय.

(इथून पुढे स्पॉयलर)

नायक क्वेड मंगळाच्या सहलीची नकली आठवण विकत घ्यायला जातो. तिथला टेक्निशियन प्रोग्राम लावताना सहज म्हणून जातो की अरे हा नवा दिसतोय, मंगळावर निळं आकाश. सिनेमा संपतो तेव्हा डोक्यावर काय असतं? निळं आकाश. हव्या असलेल्या मुलीचं वर्णन त्याने खुर्चीत बसल्या बसल्या दिलेलं असतं आणि मंगळावर भेटते ती नेमकी तशीच. मध्येच एक डॉक्टर हॉटेलच्या खोलीत येऊन सांगतो की तू अजून त्या खुर्चीतच आहेस, ही गोळी घे आणि जागा हो. क्वेडला त्याच्या कपाळावर घामाचा थेंब दिसतो आणि तो त्याला गोळी घालतो. आता खोटं बोलणारा घाबरला म्हणून घाम आला हे ठीक, पण स्वप्नच असेल तर तो घामही स्वप्नानेच पुरवलेला नाही का? सिनेमा शेवटी काळा होत नाही, पांढरा होत जातो. दोन्ही अर्थ पुराव्यासकट उभे राहतात आणि मला तरी एकाच्या बाजूने निकाल देता आलेला नाही.

कथेचं बीज सायफाय लेखक फिलिप के. डिकच्या १९६६ च्या कथेतलं आहे. या माणसाने १९७७ मध्ये फ्रान्समध्ये मेट्झला भाषण देताना गंभीरपणे सांगितलं होतं की आपण कॉम्प्युटरने चालवलेल्या वास्तवात राहतोय आणि त्यात कुणी काही बदललं तरच आपल्याला सुगावा लागतो, 'हे आधी घडलंय' असं वाटणं ही त्याचीच खूण. मॅट्रिक्समधली दोनदा जाणारी काळी मांजर आठवली ना?

कोरी_पाटी
मी थोडा विरोधी सूर लावते. मॅट्रिक्सवर अन्याय होतोय, त्यात सायफर नावाचं पात्र आहे. तो समोरचा स्टेक खरा नाही हे माहीत असून चवीने खातो आणि म्हणतो मला परत आत पाठवा. म्हणजे खरं कुठलं हे कळल्यावरही ते हवंय का हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तो जास्त अवघड आहे. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकनेही १९७४ मध्ये हेच विचारलं होतं, की हवे ते अनुभव देणारं यंत्र मिळालं तर तुम्ही कायमचे त्यात शिराल का? त्याचं म्हणणं, नाही, कारण आपल्याला नुसतं वाटायला नको असतं, खरोखर करायचं असतं. सायफरचं उत्तर नेमकं उलट, आणि तो मूर्ख अजिबात नाहीये, थकलेला आहे.

म्हणून माझी शिफारस सोलारिस, रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा, १९७२. ज्या ग्रहाभोवती स्टेशन फिरतंय तिथला महासागर माणसांच्या आठवणी वाचून त्यातली माणसं घडवून पाठवतो. स्टेशनवर आलेल्या क्रिसची मेलेली बायको हारी तशीच परत येते. तिचा ड्रेस काढायला जातात तर पाठीवरचे बंद नुसते दिसायला आहेत, ते सुटतच नाहीत, शेवटी कात्रीने कापावा लागतो. का? कारण ती त्याच्या आठवणीतून बनलीय आणि त्या बंदांखाली काय आहे हे त्याच्या आठवणीत नाहीच! हा इतका छोटा तपशील आहे पण वास्तव आणि आठवण यातला फरक यापेक्षा नेमका दाखवलेला मी कुठे पाहिला नाही.

आणि मग हळूहळू हारीला स्वतःलाच कळतं की आपण ती मूळची हारी नाही. तिला त्याचा त्रास होतो, भयंकर होतो, आणि तो त्रास बघताना ती खरी की खोटी हे विचारायची आपल्याला लाज वाटायला लागते. संथ आहे, खूप संथ, एका माणसाचा गाडीतून शहरभर प्रवास मिनिटंच्या मिनिटं चालतो. सोडू नका. मूळ लेखक लेम यांना हा सिनेमा पटला नव्हता, पण तरीही बघा.

दुर्बीण
कोरी_पाटी, सायफरच्या स्टेकवरून आठवलं, अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्यकारिकेत हा मुद्दा आहे. जागेपणीच्या वस्तू उपयोगी पडतात म्हणून त्या खऱ्या, असं कुणी म्हणालं तर ते म्हणतात की ती उपयुक्तता स्वप्नात टिकत नाही. भाष्यात उदाहरण दिलंय ते असं, की पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात उपाशी तडफडू शकतो. म्हणजे 'भूक भागली म्हणून अन्न खरं' ही कसोटी दोन्हीकडे सारखीच लंगडी.

सिम्युलेशनचा, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेल्या नकली जगाचा विषय निघालाय म्हणून हेही सांगतो, कारण तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉमचं नाव घेऊन बरंच चुकीचं फिरतं. त्याच्या २००३ च्या लेखात 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असं कुठेही नाही. तो म्हणतो तीनपैकी एक गोष्ट जवळपास नक्की खरी असणार: एक तर अशी जगं चालवण्याची ताकद येण्याआधीच संस्कृती संपतात, किंवा ताकद आली तरी अशी सिम्युलेशन्स चालवण्यात त्यांना रस नसतो, नाहीतर मग आपण आत असण्याची शक्यता प्रचंड. तिसरं तेवढं उचलून लोक पळतात.

सिनेमा म्हणाल तर कोहेरन्स, २०१३. धूमकेतू जातोय, जेवायला जमलेले आठ मित्र, लाईट जातात आणि गल्लीत फक्त एकच घर उजळलेलं दिसतं. बस, यापेक्षा जास्त वाचू नका. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूट झालाय, कलाकारांना पूर्ण स्क्रिप्ट न देता रोज आपापल्या चिठ्ठ्या मिळायच्या, त्यामुळे चेहऱ्यांवरचा गोंधळ बराचसा अस्सल आहे.

अर्धजागा
काय सुंदर प्रतिसाद दिलेत सगळ्यांनी! सायफरचा मुद्दा मान्य, पण तरी म्हणेन की सिनेमा त्याला लगेच गद्दार ठरवून टाकतो, त्याचं म्हणणं खोडून काढायच्या भानगडीत पडत नाही. सोलारिसपासून सुरुवात करतो, त्या ड्रेसबद्दल वाचून राहवत नाहीये. डार्क सिटी कसा आहे? कुणी बघितलाय का?

रीळवेडी
बघितलाय, बघाच. १९९८ चा, मॅट्रिक्सच्या एकच वर्ष आधीचा, आणि त्याचे काही सेट पुढे मॅट्रिक्समध्ये वापरले गेले. फक्त एक काळजी घ्या. थिएटरमध्ये आलेल्या आवृत्तीत सुरुवातीलाच निवेदक अख्खं रहस्य सांगून टाकतो, स्टुडिओला भीती होती की लोकांना कळणार नाही. २००८ च्या डायरेक्टर्स कटमध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्या पसंतीच्या आवृत्तीत, ते निवेदन काढलंय. तोच शोधा, आणि मिळाला नाही तर सुरुवातीला खिशातलं घड्याळ बघणारा माणूस दिसेपर्यंत आवाज बंद ठेवा.