अनुभव येऊ द्या: अभ्यासाचा कंटाळा असलेल्या पोरांनी दहावीत दिलेले सुखद धक्के

माळ्यावरची मावशी
काल माळा उपसला तर चिरंजीवांचं दहावीचं गाईड सापडलं. कोरं करकरीत! २०१९ची बॅच. त्या वर्षी भाषांचे तोंडीचे २० गुण बंद झालेले, त्यामुळे मी जुलैच्या फेरपरीक्षेसाठी मन घट्ट करून बसलेले. राज्याचा निकाल लागला ७७ टक्के आणि आमचा बाळ्या पास. वर सामाजिक शास्त्रांत ९३!

झालं असं की भूगोलाच्या नव्या पुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील. आणि आमच्या भिंतीवर २०१४च्या वर्ल्डकपपासून ब्राझीलचा नकाशा, कुठल्या गावात कुणाची मॅच ते पेनाने लिहिलेलं. मानौसला संध्याकाळी सहाची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, हे त्याला पाचवीपासून पाठ. स्थानिक वेळ, ॲमेझॉनचं खोरं, तिथली दमट हवा, सगळं आपसूक. रात्री जागतो म्हणून ओरडा खायचा तो, प्रत्यक्षात भूगोल चालला होता. ह्यांनी निकालादिवशी पेढे देताना सगळ्यांना सांगितलं, 'क्षेत्रभेटीला पाठवायचंच बाकी होतं.' (बीजगणितात किती ते विचारू नये.)

तिखटमीठ
बीजगणितात किती? 😂

माळ्यावरची मावशी
काठावर. पुढे.

उंबराचं फूल
ताई, आमचं दुःख ऐका. कन्या २०२०ची. आयुष्यात एकाच पेपराचा अभ्यास मन लावून केला, भूगोल. आणि लॉकडाऊनमुळे तोच रद्द!! बाकीच्या विषयांची सरासरी काढून गुण दिले, आणि तिची सरासरी काय असणार. अजून कुणी ब्राझीलचं नाव काढलं की उठून आत जाते.

गुपचूप वाचक
आमच्याकडे संस्कृत ९८. घरात शुभंकरोति धड म्हणत नाही कुणी. गुण आजोबांच्या खात्यात जमा झालेत, ते खाली यायला तयार नाहीत.

दांडी गुल
२०२१वाले आहेत का इथे? परीक्षाच नाही म्हटल्यावर आमचा राजा सोसायटीत नाचला. मग कळलं १०० पैकी ५० नववीच्या निकालावरून. नववी कोण मनावर घेतं हो? चेहरा बघण्यासारखा झाला. तरी पासष्ट टक्के आले. आता म्हणतो मी दूरदृष्टीने नववी केली होती.

उंबराचं फूल
त्या वर्षी ९९.९५ टक्के निकाल होता ना? 😄

दांडी गुल
हो, म्हणून तर शेजारीपाजारी पेढा घेताना नुसते हसायचे.

रेघोट्या
गणिताच्या वहीत समासापासून समासापर्यंत बैलगाड्या. बाईंनी तीनदा बोलावलं होतं. मग त्याच हाताने चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड, म्हणजे वाढीव ७ गुण. ३९४चे ४०१ झाले, ७८.८चे थेट ८०.२! आमच्या सासूबाई फोनवर सगळ्यांना 'ऐंशी पार' एवढंच सांगतात, ७ कुठून आले ते गाळून.

तिखटमीठ
चित्रकलेला हसू नका, घाम निघतो. आमच्या वेळी स्थिरचित्राला मांडलेली केळी पेपर संपेपर्यंत मागच्या बाकाने संपवली होती.

कोकणातले काका
आमच्या काळात पेपरात नंबर छापून यायचे. आमच्या वडलांनी नंबर शोधलाच नाही, थेट टिळक लावून शेतावर धाडलं. दुपारी मास्तर सायकलवरून आले, पोरगा सेकंड क्लास म्हणून. वडील म्हणाले, 'नीट बघा, शेजारचा असेल.' (मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.)

गुपचूप वाचक
काका 🙏😂 टिळा म्हणायचंय ना?

कोकणातले काका
हो तोच. हा फोन सगळ्यांना पुढारी करतो.

नवी आई
मावशी ते गाईड रद्दीत दिलंत का? माझी लेक यंदा दहावीला. चिकाटी अजिबात नाही, पण रील बघून मोमो करते उत्तम. त्याला वाढीव गुण नसतात ना कुठे?

माळ्यावरची मावशी
पत्ता मेसेज कर, उद्या पाठवते. मोमोच्या सारणात कोबी पिळून घेते का गं ती? माझे फुटतात.